खांद्याच्या वर

"हात वर कर," मार्सेलीन म्हणाली. ओठांत सहा टाचण्या धरून बोलायची तिला तीस वर्षांची सवय होती.

ताइसियानं दोन्ही हात डोक्यावर नेले. करड्या साटनचा चिंचोळा पोशाख हातांमागोमाग वर सरकला, पोटऱ्या उघड्या पडल्या आणि काखेतली शिवण कुरकुरली. आरशात मागे उभ्या असलेल्या मस्यू दार्बेलनी डोळे मिटून घेतले.

"आपल्याकडे गिऱ्हाईक हात खाली सोडून उभं राहतं," ते म्हणाले. "आणि त्याला कुणी अगंतुगं करत नाही."

 दार्बेल यांच्या उंची कपडे शिवणाऱ्या कारखान्यात मार्सेलीन दोनच वर्षं होती. त्याआधीची सगळी उमर एका नाटकगृहाच्या पोशाखखान्यात गेली होती, आणि तिथे नाचणारीला आधी हात वर करायला लावत, मग पाय, मग कंबरेत वाकायला, आणि त्यानंतरच पहिली टाचणी लागे. इथे सरदारघराण्यातल्या बायका मेणबत्तीसारख्या सरळ उभ्या राहत आणि पोशाखही तसल्याच उभ्या बाईचा व्हायचा. कपडे छान दिसत, यात वाद नाही. फक्त ते घालून टॅक्सी थांबवता येत नसे.

यंदा दार्बेलनी एका नव्या बॅलेचे सगळे पोशाख फुकट करून द्यायचं कबूल केलं होतं. त्यात पऱ्या नव्हत्या, हंस नव्हते. मोठ्या हॉटेलातला दुपारचा चहा होता आणि पॅरिसच्या बायका सध्या घालतात तेच कपडे नाचणाऱ्या घालणार होत्या. मनगटापर्यंत घट्ट बसणारी बाही म्हणजे दार्बेल यांचा यंदाचा हुकमाचा पत्ता. बॅलेत ताइसियानं तीन मिनिटं कप धरून एकटीनं बसायचं, उठायचं आणि शेवटी दोन्ही हात सावकाश आभाळाकडे न्यायचे, की वाद्यं थांबणार. तिची भूमिका एवढीच. सदतीस वर्षांच्या नाचणारीला चार वर्षांनी मिळालेली, आणि पुन्हा कुणी देणार नाही अशी. दार्बेलनी नृत्य बसवणाऱ्याला सांगितलं, हात खांद्यापर्यंतच न्या, बाहीची रेघ बिघडते. एरवी सगळ्यांच्या अंगावर खेकसणाऱ्या त्या माणसानं निमूट मान डोलावली.

मार्सेलीनच्या मनाला हे लागलं. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत बाकीच्या मुली सूप प्यायला गेल्या, तेव्हा तिनं त्याच साटनचे दोन लहान चौकोन कापले आणि दोन्ही काखांत तिरके बसवले. नाटकगृहातली जुनीच युक्ती. दुपारी रंगमंचावर तालीम झाली, ताइसियाचे हात पार वर गेले आणि पोशाख घोट्याजवळ बोटभरही हलला नाही.

दार्बेल प्रेक्षागृहातून उठून थेट वर आले. त्यांनी काखेत बोट घातलं आणि शिवण बरोबर शोधली. त्यांचा बाप खेड्यातला साधा शिंपी होता, हे कारखान्यात सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी बोलत नव्हतं.

"माझ्या नावाच्या कपड्याला ठिगळ?" ते हळूच म्हणाले. "उद्या पहिला प्रयोग आहे. हे काढा आणि शिवण होती तशी मिटवा."

कपडे बदलायच्या खोलीत ताइसिया लोकरीचे पायमोजे चढवत बसली होती. ती रडत नव्हती. रागानं तिच्या नाकपुड्या तेवढ्या पांढऱ्या पडल्या होत्या.

"खांद्यापर्यंत हात तर माझी आईसुद्धा न्यायची," ती म्हणाली. "मासळीवाल्याला हाक मारायला."

मार्सेलीन खिडकीशी बसून तुकडे उसवत होती. ते काढून झाल्यावर तिनं सुईत पांढरा दोरा ओवला. करडा रेशमी नव्हे, माप घेताना तात्पुरता घालतात तो. अर्ध्या बोटाच्या लांबीचे टाके घालत ती दोन्ही काखा मिटवत गेली. ताइसिया बघत राहिली. दोन्ही बायकांना टाक्यांतलं कळत होतं.

"टिकेल का?"

"खांद्यापर्यंत टिकेल."

"आणि वर?"

"वरचं तुझं तू बघ," मार्सेलीन म्हणाली आणि दोरा दातानं तोडला.

पहिल्या प्रयोगाला ती सगळ्यात वरच्या सज्जात, खांबाआड बसली. ताइसिया कपापासून उठली. हात खांद्यापर्यंत आले आणि थांबले. नृत्य बसवणारा पडद्याआड नक्कीच सुटकेचा श्वास टाकत असेल. मग हात पुन्हा निघाले. वाद्यं नेमकी थांबली होती, त्यामुळे शिवण सुटल्याचा आवाज सज्जापर्यंत ऐकू आला, आधी डावीकडून, मग उजवीकडून. साटन दोन्ही काखांत मोकळं झालं, दिव्यांत तिची पांढरी कातडी दिसली, आणि ती हात डोक्यावर धरून तशीच उभी राहिली. कुणाची माफी न मागता.  मग खालून टाळ्या सुरू झाल्या. मार्सेलीनला हुंदका आला आणि तिनं तो हातमोज्यात दाबला.

सकाळी ती नेहमीपेक्षा लवकर कारखान्यात गेली. स्वतःची कात्री, बोटात घालायचं अंगुस्तान आणि मेणाचा गोळा तिनं एप्रनमध्ये बांधून ठेवला. काढून टाकणारच, तर वस्तू शोधत बसायला नको.

पण साडेनऊपासून टेलिफोन वाजायला लागला. काखेत उघडणारी ती बाही मिळेल का, असं विचारणाऱ्या सात बायका झाल्या, त्यांतली एक तर ब्रसेल्सहून बोलत होती. अकराला बोलावणं आलं. दार्बेल यांच्या टेबलावर करडा पोशाख उलटा पडला होता आणि त्यांच्या दोन बोटांत पांढऱ्या दोऱ्याचा तुकडा होता.

"हा टाका कुणाचा?"

"माझा."

"पुन्हा विचारतो. नाटकगृहाच्या पोशाखखान्यातल्या एखाद्या नवख्या मुलीचा तर नाही?"

"माझाच आहे, मस्यू. नवख्या मुलीचा इतका सरळ येत नाही."

त्यांनी दोरा उजेडाकडे धरून बघितला आणि कोटाच्या खिशात टाकला. मग तिच्या हातातल्या बोचक्याकडे पाहत ते म्हणाले, पलीकडे मादाम दे व्हॅरीनी माप द्यायला थांबल्या आहेत, आणि ते ठिगळ कापडाच्या कोणत्या रोखानं कापलं होतं? मार्सेलीननं सांगितलं. एप्रनची गाठ तिनं तिथेच, त्यांच्या टेबलावर सोडली.

मादाम दे व्हॅरीनी आरशासमोर हात खाली सोडून, मेणबत्तीसारख्या उभ्या होत्या. मार्सेलीन त्यांच्यापाशी गुडघ्यावर बसली आणि सहा टाचण्या ओठांत धरल्या. पण एकही लावेना. दार्बेल खिडकीजवळ पाठ करून उभे होते. खालून घोडागाडी गेली, मग मोटार गेली. बाईसाहेब चुळबुळल्या.

"हात वर करा, मादाम," दार्बेल खिडकीबाहेर बघतच म्हणाले. "आणखी वर."