टुंड्रातली शांताबाई

दर्शना अंधेरीच्या एका कंपनीत नकाशे करायची. उत्तर ध्रुवाजवळच्या टुंड्राचे उपग्रहाने काढलेले फोटो समोर ठेवून तिथल्या नद्या, दलदल आणि तळी स्क्रीनवर गिरवायची. एका चौकोनात चारशे तळी, प्रत्येकाला सहा आकडी नंबर. डोकं फिरायला लागलं तेव्हा तिने लक्षात राहावं म्हणून मोठ्या तळ्यांना ओळखीच्यांची नावं दिली. फाईल पाठवताना ती काढायची होती. राहिली.

सोमवारी ती चारकोपच्या घरून काम करत होती. हेडफोन बिघडल्यामुळे मीटिंगचा आवाज घरभर घुमत होता. नकाशे मागवणाऱ्या संस्थेची, तोंडावर मच्छरांची जाळी बांधलेली एक गोरी बाई थेट टुंड्रातून बोलत होती.

"शांताबाई पूर्ण आटली. आणि भाऊराव काठ फोडून विमलाला जाऊन मिळालाय."

मेथी निवडणाऱ्या सासूबाईंना इंग्रजी बेताचंच यायचं, पण नावं कळली.

"दर्शना, ही काय म्हणते गं माझ्याबद्दल?"

दर्शनाने चाचरत सांगितलं. शांताबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. "विमला? तळमजल्यावरची?"

"मी घरातच आहे की सकाळपासून!" भाऊराव पेपरामागून म्हणाले.

स्क्रीनवर दर्शनाचे साहेब, राजेश सर, लाल झाले होते. "आजच्या आज सगळी नावं काढ!"

"नको, नको," गोरी बाई म्हणाली. "वॉकीटॉकीवर नंबर चुकीचे ऐकू येतात. गेल्या आठवड्यात आमची माणसं भलत्याच तळ्यावर जाऊन गुडघाभर चिखलात रुतली. नावं आल्यापासून कोणी चुकलं नाही. फक्त शांताबाई खोडा. खालचा बर्फ वितळला, तळं उरलंच नाही."

दर्शनाने हेही सांगितलं.

"म्हणजे विमला राहणार नि मी जाणार?" शांताबाई थेट कॅमेऱ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. हातात मेथीची जुडी तशीच.

त्या कोण हे कळल्यावर गोरी बाई जाळी वर करून पोट धरून हसली. मग म्हणाली, "कालच एक ओढा सापडलाय. नकाशावर नाही. त्याला द्या नाव."

"वाहता आहे ना?" शांताबाईंनी सुनेमार्फत विचारलं. "आणि भाऊरावपासून किती लांब?"

"तीन किलोमीटर."

"चालेल."

दर्शना निळी रेघ ओढायला लागली. शांताबाई खुर्ची ओढून शेजारी बसल्या.

"इथे कशाला वळले गं मी?"

"पुढे दगड आहे, आई."

"बरं. वळव."