पाय उचलू नकोस

कारखान्याने शशिकांतला स्वेच्छानिवृत्ती दिली त्याला चौदा महिने झाले होते. तेव्हापासून बायकोच्या, मंगलाच्या, शाळेच्या पगारावर घर चाललं होतं, आणि जुनी फियाट दारात नुसती उभी होती.

त्या सकाळी मात्र ती लागणार होती. आबिड्स भागातल्या एका नव्या खाजगी कंपनीत मुलाखत होती. जाहिरातीत स्वतःचं वाहन मागितलं होतं. शशिकांतने किल्ली फिरवली. टिक् झालं, पुढे काही नाही. बॅटरी पार उतरली होती. शेवटी शेजारच्या दोघांनी गाडी बरकतपुऱ्याच्या चौकापर्यंत ढकलली, तेव्हा गचके खात चालू झाली.

"तूही चल," तो म्हणाला. "तिथे बंद पडली तर संपलं."

मंगलाची शाळा अकराची. तरी ती शेजारी बसली.

ऑफिसपुढे त्याने गाडी न्यूट्रलमध्ये टाकली, हँडब्रेक ओढला, तिला आपल्या जागी बसवलं. "ॲक्सिलरेटरवर पाय असाच दाबून धर. उचलू नकोस." आणि तो आत गेला.

वॉचमन जवळ आला. "अम्मा, गाडी कायकू चालू रखे? पेट्रोल जलरा ना."

"बंद करी तो ढकेलना पडता," ती म्हणाली.

अर्धा तास झाला. पोटरी दुखू लागली. उन्हात काचेवर डोळे ठरत नव्हते. किती दिवस धरायचं हे सगळं? एकदा तिने मुद्दामच पाय उचलला. इंजिन खोकलं, थरथरलं, विझायला आलं. तिने घाईने पाय दाबला.

शशिकांत बाहेर आला. बरोबर एक तरुण साहेब होता.

"गाडी चालू क्यों है?"

शशिकांतने बॉनेटवर हात ठेवला. "बॅटरी डेड है, सर."

साहेबाने मंगलाकडे पाहिलं. "मॅडम कब से बैठी हैं?"

"पाऊण घंटा," तीच म्हणाली.

तो हसला नाही. "सोमवार से आइए. तनख्वाह नहीं, कमिशन. बॅटरी बदल लीजिए."

तो आत गेल्यावर शशिकांत खिडकीशी वाकला. "अगं, घेतलं मला."

"कमिशनवर."

"हो."

"आधी मला उतरू द्या. पाय बधिर झालाय."

ती उतरली आणि तिचा तोल गेला. शशिकांतने तिला दोन्ही हातांनी सावरलं. मागे इंजिन दोनदा गचकलं आणि बंद पडलं.

त्याने वळून पाहिलं नाही. "बस जरा," तो म्हणाला.

दोघं फुटपाथच्या कडेला बसली. तो तिची पोटरी चोळू लागला. येणारेजाणारे बघत होते. तिने त्याला थांबवलं नाही.