अर्धं बोट

बाबा शिंपी. मोठ्या आतड्याच्या शेवटाला कॅन्सरची गाठ झाली, तीही आजूबाजूला चिकटलेली. "आत्ता कापता येणार नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आधी रेडिएशन. गाठ आकसून सुटली, तर ऑपरेशन." त्या 'तर'वर आमचं अख्खं घर टांगलेलं.

किरणं नेमकी पडावीत म्हणून बाबांच्या कमरेवर शाईच्या खुणा केल्या होत्या. पुसू द्यायच्या नाहीत, असं बजावलेलं.

त्या सकाळी मी रेडिएशनच्या खोलीबाहेर लेकीला पाजत होते. मशीनवरची मुलगी तरातरा आली.

"ताई, उजवीकडची खूण कोणी आखली?"

मी लेकीला उचलून तिच्यामागे धावले. आत बाबा टेबलावर पडलेले, छताकडे बघत.

"आंघोळीत पुसली गं," ते म्हणाले. "म्हटलं, तुला कशाला त्रास? टेपने मोजून मीच आखली."

"अर्धं बोट बाहेर गेलीय, आजोबा!"

"मग? शिवणीला माया नको सोडायला? उद्या उसवायची वेळ आली तर?"

ती मुलगी तोंडावर हात धरून हसली. मला मात्र हसू फुटेना. "किरणं भलतीकडे पडली का?"

"छे हो. किरणं सोडायच्या आधी रोज फोटो घेतो, तिथेच अडलं. पण आता नव्याने स्कॅन करून खुणा कराव्या लागतील."

स्कॅन झाल्यावर बाकावर मी उखडलेच. "बाबा, तुम्हाला काय म्हणावं!"

"गाढव म्हण. पण हळू, नात ऐकतेय."

तेवढ्यात डॉक्टरीणबाईंनी आत बोलावलं. पडद्यावर जुना स्कॅन आणि आजचा, शेजारी शेजारी. गाठ लहान झाली होती. तिच्या आणि ओटीपोटाच्या भिंतीच्या मध्ये एक बारीक काळी रेघ.

"ही फट आधी नव्हती," त्या म्हणाल्या.

बाबांनी चष्मा वर सरकवला. "कात्री जाईल एवढ्यात?"

"आत्ताच नाही. राहिलेलं रेडिएशन होऊ दे, अजून सैल होईल. पण सर्जनना आजच दाखवते. मला आशा वाटतेय."

मी लेकीच्या टाळूवर ओठ टेकले. बाबा नुसती मान हलवत राहिले.

नव्या खुणा करताना ते टेबलावर पुतळ्यासारखे पडून होते.

"श्वास घेऊ का?" त्यांनी विचारलं.

"घ्या की, आजोबा!"