रुख्मिणीचा तांब्या

सोयाबीन सोंगून झालं होतं, हरभऱ्याच्या पेरणीची घाई होती, अन् रुख्मिणीच्या अंगणात सकाळीच भांडण जुंपलं होतं. आसेगावकडच्या आमच्या गावात कोण्या बाईचं पोट दुखलं की ती रुख्मिणीकडंच येणार. पोटावर पेटती पणती ठेवायची, वरून तांब्या उपडा घालायचा. तांब्यानं पोट गच्च धरलं की सरकलेली बेंबी जागेवर आली म्हणायचं. तिच्या हाताला गुण होता, खोटं कशाला बोलू? पण तिच्याच सुनेची, योगिनीची, कूस काही उजवेना.

"त्या डाक्टरीनले काय समजते? बेंबी सरकली हाय. एक डाव तांब्या लावू दे!" रुख्मिणी म्हणाली.

"रोग रेड्याले अन् औषध पखालीले!" तिचा लेक भागवत ओरडला. "आई, वाशीमले आतमंदी औषध सोडून फोटो काढला ना? गर्भाच्या दोन्ही नळ्या बंद हायेत, एकीत पानी भरेल हाय. पोटाले हात लावू नोका म्हनलं मॅडमनं. दुर्बिनीनं आपरेशन करू, नळी मोकळी झाली त बेस, नाई त टेस्ट ट्यूब."

"अन् टेबलावरच काई झालं त? परक्याची लेक हाय. काय सांगू मी तिच्या मायले?"

योगिनी दाराच्या चौकटीला धरून उभी होती. तिला भूल द्यायची भीती, पोटात दुर्बीण घालायची भीती. अन् सगळं करून पाळणा हललाच नाही, तर भागवतसाठी दुसरी बघा म्हणणारे सोयरे होतेच.

"आत्याबाई, मले लय भेव लागते," ती म्हणाली. "पन तांब्या नोका लावू. त्या वक्ती..."

भागवतला काही कळलं नाही, तो तेव्हा पुण्याला कामाला होता. मी शेजारीण, मला सगळं ठाऊक. लग्नानंतर पहिलंच पोट पडलं, पोरीला ताप भरला, ओटीपोट धरून कण्हायची. रुख्मिणीनं दवाखाना केला नाही, रोज तांब्या लावला. योगिनीनंच मला सांगितलं, वाशीमच्या मॅडमनं नेमकं तेच विचारलं होतं, पोट पडल्यावर ताप आला होता का? तेव्हाच औषध मिळालं असतं तर नळ्या वाचल्या असत्या, म्हणाल्या. शेजारी सासू बसलेली. योगिनीनं सांगितलं, "आठवत नाई."

इतक्यात गल्लीतली भागिरथा आपल्या लेकीला धरून अंगणात आली. परवाच लेकीचं पोट पडलं होतं. पोरगी तापानं फणफणली होती.

"रुख्मामाय, लेकीचं पोट लय दुखून राह्यलं. तांब्या लावून दे वं."

रुख्मिणी आत गेली. योगिनीनं चौकट घट्ट धरली.

रुख्मिणी तांब्या घेऊन आली, पाण्यानं काठोकाठ भरलेला. पाणी तिच्या पायावर सांडत होतं. तिनं तो पोरीच्या तोंडाला लावला.

"पे बाई. अन् आत्ताच्या आत्ता दवाखान्यात चाल. ह्या तांब्यानं माह्या घरचा पाळना खाल्ला."

रुख्मिणीनं पदरानं डोळे पुसले अन् सुनेकडं न बघताच म्हणाली, "योगे, तू बी लुगडं बदल. आपरेशनची तारीख घेऊन येऊ. भेव त मले बी लागते, पन मी हात धरून बसीन."