आधी निरूपण, मग बारव

लातूर जिल्हा नवा झाला आणि त्याच सुमाराला पावसानं पाठ फिरवली. मांजरेच्या पात्रातून गुरं पाय न भिजवता पलीकडं जायची. अशा दिवसांत नव्या कचेरीचा कागद आला. जिल्ह्यातल्या प्रेक्षणीय स्थळांचं पुस्तक निघणार होतं आणि एक साहेब पाहणीला येणार होते. ग्रामसेवकानं पदरचं एक वाक्य जोडलं, की पुस्तकात नाव आलं तर सडक होईल, अन् सडक झाली तर एसटी.

आमच्या घाटसांगवीला एसटी गाठायची तर तीन कोस देवणीला जावं लागे. एसटीची निकड सगळ्यांत जास्त माणिकप्पांना होती. त्यांच्या कारभारणीचे, नीलाबाईंचे, गुडघे गेले होते. बैलगाडीचे हादरे सोसत नव्हते, म्हणून मुखेडचं माहेर चार वर्षं दिसलं नव्हतं. तिथं आई नव्वदीला टेकलेली.

गाव दाखवायचं काम माणिकप्पांकडंच आलं, कारण पंचक्रोशीत कीर्तन करावं तर त्यांनीच. दाखवण्यासारखं मुळात एकच होतं, देवळामागची बारव. त्या साली पाणी उतरलं आणि कुणी जन्मात न पाहिलेल्या पायऱ्या उघड्या पडल्या. दोन्ही अंगांना दगडी हत्ती, एकाच्या सोंडेत कमळ. तळाला पाणी मात्र होतंच.

साहेब जीपनं आले. तासाभरात निघून दिवस मावळायच्या आत उदगीर गाठायचं आहे, हे त्यांनी उतरतानाच सांगितलं. नीलाबाईंनी दारातून नवऱ्याला बजावलं, "अवो, आधी बारव दाखवा. बाकीचं मागून बोला."

"आख्यान आधी अन् निरूपण मागून, असं असतंय का कुठं?" माणिकप्पा म्हणाले.

त्यांनी वेशीपासून धरलं. वेशीवरून वीरगळाशी आले. गावाची गुरं वाचवताना पडलेल्या वीराची कथा त्यांनी अशी लावली, की साहेबांनी रुमाल काढला. मग नदीचा घाट. कोरड्या पात्राकडं हात करून त्यांनी मांजरा गावाला कशी आली ते सांगितलं, आणि खरं बोलायचं तर आम्हाला पाणी दिसलं. वेळेचं भान कुणालाच राहिलं नाही. जीपचा ड्रायव्हर व्यंकटी तेवढा सोबत नव्हता. इंजिनाला पाणी हवं म्हणून तो पाणी भरायला निघालेल्या सरजाबाईच्या मागं घागर घेऊन गेला होता.

देवळाच्या दाराशी नमन चालू असताना जीपचा भोंगा वाजला. साहेबांनी घड्याळ पाहिलं, हात जोडले आणि निघाले. बारव तिथून चाळीस पावलं होती.

धुरळा खाली बसला. साहेबांसाठी काढलेला गूळ नीलाबाईंनी आत नेऊन ठेवला. माणिकप्पांनी त्या आठवड्याचं सोमवारचं कीर्तन केलं नाही.

पुस्तक पुढल्या साली आलं. त्यात लिहिलं होतं: "घाटसांगवी. देवळामागे बारव. पायऱ्या अठ्ठेचाळीस, हत्ती दोन. दुष्काळातही पाणी. गोड." वीरगळ नाही, घाट नाही. ग्रामसेवक कचेरीतून खबर घेऊन आला. साहेबांची वही कोरीच होती, ऐकता ऐकता लिहायचं राहून गेलं होतं. छापलेलं सगळं व्यंकटीनं सांगितलेलं. भरली घागर घेऊन चढताना त्यानं पायऱ्या मोजल्या होत्या.

सडकेला आणखी दोन उन्हाळे लागले. पहिली एसटी आली त्या दिवशी माणिकप्पा नीलाबाईंना घेऊन मुखेडला निघाले होते. बायांनी आधार देऊन त्यांना खिडकीशी बसवलं. त्याच गाडीतून उमरीचे एक मास्तर पुस्तक हातात घेऊन उतरले आणि बारव विचारू लागले. गाडी वीस मिनिटं थांबणार होती, याच गाडीनं त्यांना परतायचं होतं.

माणिकप्पांनी वेशीकडं पाहिलं, मग खिडकीकडं.

"चला, आधी बारव."

वीरगळावरून ते मुकाट पुढं गेले. तळाशी त्यांनी मास्तरांच्या ओंजळीत पाणी ओतलं. मास्तरांनी विचारलं, ही कुणी बांधली.

"एसटी सुटायला किती वेळ हाय?"

मास्तर म्हणाले, आठ मिनिटं.

"मग आज न्हाई सांगत," माणिकप्पा म्हणाले आणि पायऱ्या चढू लागले. "मुक्कामाला या."