काकांनी परत केलेलं पोतं

अमेरिकेत, टेक्सासमधल्या अर्विंगचे एकनाथकाका चौऱ्याहत्तर वर्षांचे, टेलिफोन कंपनीतून रिटायर झालेले आणि प्रामाणिकपणाच्या बाबतीत जरा अतीच. दुकानदाराने चुकून एक लिंबू जास्त दिलं तरी ते परत द्यायला गाडी काढणारे.

मागच्या वर्षी नात आन्याला घेऊन ते गावाबाहेरच्या एका संस्थेत गेले. तिथे म्हातारी, टाकून दिलेली गाढवं सांभाळतात. एका आंधळ्या गाढवाने काकांच्या खांद्यावर मान टाकली आणि पाच मिनिटं उचललीच नाही. काका विरघळले. त्यांनी रिटायरमेंट अकाउंटमधून पाच हजार डॉलर थेट संस्थेच्या नावाने पाठवायला लावले. साडेसत्तर वर्षांपुढच्या माणसाने असं थेट दान दिलं तर त्या रकमेवर टॅक्स लागत नाही, हे त्यांना ठाऊक होतं.

पण फेब्रुवारीत अकाउंटचा फॉर्म आला, त्यात पाच हजार काकांनीच काढल्यासारखे दिसत होते. दानाचा उल्लेखही नव्हता. काका घाबरून कादंबरी नावाच्या ओळखीतल्या मुलीकडे गेले. ही मूळची नागपूरची, घराजवळच टॅक्स रिटर्न भरून देणारी. तिने समजावलं, की फॉर्म बहुतेकदा असाच येतो. रिटर्नमध्ये पूर्ण रक्कम लिहायची, टॅक्सेबल रकमेच्या जागी शून्य टाकायचं आणि ते दान होतं अशी खूण करायची. फक्त संस्थेचं पत्र हवं, की बदल्यात काही दिलेलं नाही.

"काका, तुम्ही काही घेतलं नाही ना त्यांच्याकडून?"

काकांनी आवाज खाली आणला. मग म्हणाले, "एक पोतं घेतलं. लिदीचं."

शोभाकाकूंच्या कढीपत्त्याला खत म्हणून. कादंबरीने पेन खाली ठेवलं. ते सगळ्यांनाच फुकट देत असतील तर काही अडचण नाही, एकदा विचारून घ्या, असं ती म्हणाली. काकांनी विचारण्याआधी परत करायचं ठरवलं.

काकू देवळातून आल्या तेव्हा कुंडी रिकामी होती आणि कढीपत्ता टॉवेलमध्ये गुंडाळून बाथटबमध्ये उभा होता. काका खत खरवडून, मातीसकट पोत्यात भरून, केव्हाच निघून गेले होते.

संस्था चालवणाऱ्या बाईंनी त्यांचं म्हणणं शांतपणे ऐकून घेतलं. मग त्यांना मागच्या बाजूला नेऊन लिदीची टेकडी दाखवली. कुणीही यावं, हवी तेवढी न्यावी, असं त्या म्हणाल्या. परत आणून देणारे मात्र काका पहिलेच. त्यांनी तिथेच पत्र लिहून सही केली आणि काका नको नको म्हणत असताना आणखी चार पोती डिकीत टाकली. पत्र त्यांनी वरच्या पोत्यावर ठेवलं.

काका घरी आल्यावर काकूंनी आधी त्यांच्याकडून कढीपत्ता कुंडीत लावून घेतला, मग चार दिवस काकांशी बोलणं बंद ठेवलं.

कादंबरीने खिडकी उघडून ते पत्र स्कॅन केलं. रिटर्न वेळेत गेलं, शून्यासकट. मूळ पत्र तिने दोन बोटांच्या चिमटीत धरून परत दिलं.

"हे निदान तीन वर्षं जपून ठेवा, काका," ती म्हणाली. "पण तुमच्याकडे."