माझ्या आईला तहान लागली नव्हती

माझ्या आईला मारणारे तुम्ही. होय, तुम्हीच, उबदार देशांतले, धूर ओकणारे. आणि तुमच्या जोडीला दोन हट्टी म्हातारी डोकी: एक केउतेगिन नावाचा, रशियाच्या ईशान्य टोकाला राहणाऱ्या चुकची जमातीचा शिकारी, दुसरी माझी आईच. मेलेल्यांबद्दल वाईट बोलू नये म्हणे. मी बोलणार.

मी ध्रुवीय अस्वल आहे, अजून दोन वर्षांचंही नाही. आमच्यात पोर दोन-अडीच वर्षं आईपाशी शिकतं. सील श्वास घ्यायला बर्फातल्या भोकाशी येतो. तिथं वाऱ्याच्या कोणत्या अंगाला बसायचं, पंजा केव्हा मारायचा, हे बर्फावरच शिकवता येतं. बर्फच नाही, तर शाळा कुठे भरवणार?

यंदा समुद्र गोठेचना. आम्ही भूशिरावर बसून राहिलो. मी म्हटलं, "आई, उत्तरेला जाऊ."

"गप बस. माझी आई इथंच थांबायची. बर्फ इथंच येतो."

येतो म्हणे! आम्ही शेवाळ चघळलं, पाखरांची रिकामी घरटी चाटली. तिच्या फासळ्या मोजता येऊ लागल्या, तरी तिचं पालुपद तेच.

भूशिराच्या पायथ्याशी गाव आहे. घरांना लागूनच केउतेगिनचा वॉलरसचं मांस पुरायचा खड्डा. पूर्वी जमीन खोलवर बारमाही गोठलेली असायची, मांस टिकायचं. आता खड्ड्यात पाणी झिरपतं आणि सडका वास थेट आमच्या नाकात शिरतो.

त्याची पुतणी रुल्तिना अस्वलांवर पहारा ठेवायची. ती रोज भांडायची.

"काका, खड्डा बुजवा. वासानं अस्वलं गावात घुसतील."

"पोरी, हा माझ्या बापानं खणलाय. तू रांगत नव्हतीस तेव्हापासून मी यातलं खातोय."

"परवा खाल्लंत आणि पोट धरून लोळत होतात, ते?"

"तो तुझ्या चहाचा प्रताप!"

पहाऱ्यावरची माणसं फिदीफिदी हसली. म्हातारा दबक्या आवाजात म्हणाला, "आणि अस्वलांचं नाव काढू नकोस. त्यांना सगळं ऐकू जातं."

जातच होतं. खड्डा मात्र जिथल्या तिथं.

एका दुपारी आईला राहवेना. मला खडकामागं बसवून ती खाली उतरली. रुल्तिनानं धूर आणि आवाज करणारे बार उडवले, ओरडली, "फीर ग बाई मागं!" आई ढळली नाही. ती खड्ड्यावरची झाकणं उचकटत होती, तेवढ्यात शेजारच्या घराचं दार उघडलं. आई तिकडं वळली. रुल्तिनानं गोळी घातली.

मग केउतेगिन वाटीत गोडं पाणी घेऊन आला. मारलेल्या अस्वलाला पाणी पाजायची इथली रीत. त्यानं ते आईच्या तोंडात ओतलं.

"पाहुणी, तहान लागली असेल. रागावू नकोस. तुझ्या माणसांना आमचं चांगलं सांग."

"तहान नाही काका," रुल्तिना रडत किंचाळली, "भूक! पोट बघा तिचं, पाठीला लागलंय!"

म्हाताऱ्यानं वाटी खाली ठेवली आणि आईच्या फासळ्या चाचपल्या. दुसऱ्या दिवशी त्यानं खड्डा बुजवला. आलं शहाणपण!

आणि तुम्ही? आमची गोंडस चित्रं पोरांच्या दप्तरांवर छापता, बातमी बघून चुकचुकता आणि कोपऱ्यावरून दूध आणायलाही गाडी काढता. तुमची हळहळ चुलीत घाला. धूर थांबवा. थांबवत नसाल, तर निदान माझ्या आईसाठी गळा काढू नका.

बर्फ आला, फार उशिरा. मी भोकापाशी बसतो. सील वर येतो, मी आधीच हलतो, तो बुडी मारतो. रोज हेच.

मला शिकार येत नाही.